अण्णांचं हाड

आमच्या काचीगुड्याच्या घरी पुढच्या दाराशी एक दगड असे. वीतभर लांब, विटकरी रंगाचा, एका अंगानं गुळगुळीत आणि आकाराच्या मानानं भलताच जड. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो दाराला लावायचा, परीक्षांच्या दिवसांत अण्णांच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवायचा. पण त्याला दगड म्हटलेलं अण्णांना खपत नसे. "दगड नव्हे तो. हाड आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावराचं हाड!" आल्यागेल्याला ते सांगत. पाहुणा हातातला चहा खाली ठेवून दगड उचलून बघे आणि आम्ही भावंडं उगाच ताठ होऊन उभी राहत असू.

आईला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. "हाड आहे ना? मग उंबऱ्याच्या आत नको," हा तिचा एका ओळीचा कायदा. लोणच्याच्या बरणीवर वजन ठेवायला ती शेजारून दगड मागून आणी, पण त्याला हात लावत नसे. सणावाराला अंगण झाडताना केरसुणीच्या टोकानं ढकलून त्याच्याखालचं झाडून घेई. चाळीस वर्षं तो असा दाराबाहेरच राहिला.

अण्णा मूळचे चांद्याचे. मॅट्रिक झाल्यावर १९६० साली जनपद सभेच्या शाळेत नोकरी लागली ती थेट सिरोंचा तालुक्यात. प्राणहिता आणि गोदावरी भेटतात तो हा मुलूख. पलीकडच्या काठावर कालेश्वराचं देऊळ आणि तिथून तेव्हाचा आंध्र सुरू. १९५६ पर्यंत चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, आणि अण्णा रुजू झाले तेव्हा महाराष्ट्र होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. "राज्यं तीन झाली, पण पोरं घरी आपली तेलुगूच बोलत होती," असं ते म्हणत. फळ्यावर मराठी, मधल्या सुट्टीत तेलुगू. अण्णा पोरांना बाराखडी शिकवीत आणि पोरं अण्णांना तेलुगू. हैदराबादला आल्यावर ते पहिल्या दिवसापासून भाजीवाल्याशी घासाघीस करू शकले, ते त्या पोरांच्या पुण्याईनं.

१९६१ मध्ये एके दिवशी पटावर चाळीस आणि वर्गात सात मुलं असं झालं. बाकीची कुठे गेली म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "राक्षसुडि एमुका!" राक्षसाची हाडं! पोचमपल्लीजवळ कलकत्त्याची माणसं जमीन खणत होती आणि सारा पंचक्रोश तिथे लोटला होता. अण्णा पोरांना हाकून आणायला म्हणून गेले आणि दिवेलागणीपर्यंत स्वतःच तिथे उभे राहिले. मग रविवारचा नेमच झाला.

ती माणसं होती कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची. आकडेवारीच्या संस्थेला हाडांशी काय कर्तव्य, असं कुणालाही वाटेल. पण संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी मोठी. त्यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावून संस्थेत भूविज्ञानाचं काम सुरू करून दिलं होतं. १९५८ मध्ये या भागात पहिली हाडं दिसली आणि पुढे खणता खणता जवळजवळ तीनशे हाडं निघाली. किमान सहा जनावरांची, आणि तीही पावणेतीनशे चौरस मीटरच्या तुकड्यात! एक मांडीचं हाड तर १.७ मीटर लांब, म्हणजे अण्णांपेक्षा उंच. हाडांबरोबर दगड झालेले मोठमोठे ओंडकेही होते. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी महापूर आला असावा आणि झाडं, जनावरं एकाच लोंढ्यात वाहत येऊन तिथे गाडली गेली असावीत, असा तज्ज्ञांचा कयास. हाडांना प्लॅस्टरचे लेप कसे देत, पेट्या कशा भरत, हे अण्णा हातवारे करून सांगत. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं : "जाताना त्यांनी आठवण म्हणून मला हे दिलं."

हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. माझी मुलंही तेच ऐकत मोठी होत होती.

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे राहायला आले, आणि त्यांच्याबरोबर तो दगडही. २०१६ च्या मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत आम्ही सगळे नौबत पहाडावरच्या बिर्ला सायन्स सेंटरला गेलो. तिथे २००० साली सुरू झालेलं डायनोसॉरचं दालन आहे. कोटासॉरसचा सुमारे ४४ फुटी सांगाडा त्यात उभा आहे. तो प्राणहितेच्या अलीकडचा, तेलंगणातल्या यमनपल्लीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी खणून काढलेला. नाव मात्र सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून पडलेलं. ज्या खडकांत ही हाडं सापडतात, त्या खडकांनाच त्या गावाचं नाव आहे. "याचा भाऊबंद माझ्या शाळेशेजारी निघाला," अण्णा अभिमानानं म्हणाले. नदीच्या दोन काठांवरचे दोघे. एक हैदराबादेत नांदतो, दुसरा कलकत्त्यात.

माझा धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. त्यानं शेपटीपासून मानेपर्यंत फेरी मारली आणि तिथल्या माणसाला विचारलं, "डोकंपण खरं आहे?" तो म्हणाला, "नाही बेटा, डोकं मिळालंच नाही. अंदाजानं बनवलंय." धाकट्याचा पुढचा प्रश्न, "आणि आजोबांच्या डायनोसॉरचं?" त्या भल्या माणसाला तेही ठाऊक होतं. कलकत्त्याच्या सांगाड्याचीही कवटी सापडलेली नाही. दात तेवढे मिळाले.

अण्णा परतीच्या रिक्षात काही बोलले नाहीत. त्यानंतर मी पाहत होते, त्यांची झोप उडाली होती. रात्री दोन-दोनला उठून बाहेर जायचे. वयच झालंय, असं मी मनाशी म्हटलं. एकदा दार उघडं दिसलं म्हणून गेले, तर पायरीवर बसलेले. दगड मांडीवर, आणि बोटांनी त्याच्या कडा चाचपताहेत.

"अण्णा, काय झालं?"

"काही नाही. या नाताळात पोरांना कलकत्ता दाखवू या का?"

तो नाताळ हुकला, पण पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये, यांच्या एलटीसीचा योग जुळून आला. सिकंदराबादला फलकनुमा एक्सप्रेसमध्ये सामान चढवताना यांनी अण्णांची बॅग उचलली आणि मटकन खाली ठेवली. "अण्णा, यात काय दगड भरलेत?"

"हाड आहे," अण्णा म्हणाले.

कलकत्त्यात आधी इंडियन म्युझियम झालं. तिथले लोक त्याला 'जादूघर' म्हणतात. १८१४ सालची संस्था, देशातली सर्वांत जुनी. शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या कवटीचे लांबच लांब सुळे पाहून धाकट्यानं 'आ' वासला. थोरली ममीपाशी रेंगाळली. अण्णा मात्र प्रत्येक काचेपाशी जाऊन एकच गोष्ट बघत होते : हाडाचा रंग, हाडाची कड, हाडाचा मोडलेला भाग.

तिसऱ्या दिवशी बरानगरला सांख्यिकी संस्थेत गेलो. भूविज्ञान विभागाचं संग्रहालय पाहण्यासाठी आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती. एक वयस्क बंगाली प्राध्यापक दाराशीच भेटले. आत पाऊल टाकलं आणि समोर तो! एका नजरेत न मावणारा. खांबांसारखे पाय, लांबलचक मान, आणि वर अंदाजानं बसवलेलं ते लहानसं डोकं. हे घराणं पुढे अजस्र वाढलं. हा त्यातल्या अगदी आरंभीच्या, नीट माहिती असलेल्या प्राण्यांपैकी एक, असं प्राध्यापकांनी सांगितलं. धाकटा फलक वाचू लागला, "बारापासॉरस टागोराय..." आणि खाली वाकून पाय मोजू लागला. "आई, बारा पाय कुठेत? चारच तर आहेत!"

मी हिंदीत सांगितलं तेव्हा प्राध्यापक खो खो हसले. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. त्या पुरुषभर उंचीच्या मांडीच्या हाडावरून पडलेलं नाव. १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून पुढे त्यांचं नाव जोडलं. रीतसर बारसं १९७५ मध्ये झालं. जनावर महाराष्ट्राच्या मातीतलं, गावची बोली तेलुगू, नाव बंगाली, आणि आम्ही हैदराबादचे मराठी त्याच्यासमोर उभे राहून हिंदीत बोलत होतो.

एवढ्यात अण्णांनी बॅग उघडली. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला दगड काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"सर," ते इंग्रजीत बोलू लागले. शाळामास्तरांचं स्वच्छ, सावकाश इंग्रजी. "हे तुमचं आहे. १९६१ साली मी पोचमपल्लीहून नेलं. मला कुणी दिलेलं नव्हतं. संध्याकाळ होती, मजूर हात धुवायला ओढ्यावर गेले होते. ढिगाऱ्यातून मी उचललं आणि छत्रीत घालून घरी नेलं. डोकं सापडलं नाही असं मला दीड वर्षापूर्वी कळलं. त्याचा जबडा माझ्या दाराशी पडलेला असेल, तर मी मोठा अपराधी आहे."

माझे कान तापले. मागच्याच महिन्यात वर्गातल्या मुलाचं खोडरबर घरी आणलं म्हणून अण्णांनी धाकट्याला ते परत द्यायला पाठवलं होतं, माफी मागायला लावून. धाकटा आजोबांकडे टक लावून बघत होता. यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. अण्णा टेबलाची कड धरून उभे होते. वर्गात छडी खाणारं पोर हात पुढे करून उभं राहतं ना, अगदी तसे.

प्राध्यापक काही न बोलता दगड घेऊन खिडकीशी गेले. खिशातून भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं, मग अण्णांना जवळ बोलावलं. "मास्टरमोशाय, तुम्हीच बघा. हाड असतं तर मोडलेल्या भागावर बारीक बारीक छिद्रं दिसली असती, जाळीसारखी. इथे काय दिसतं?"

अण्णांनी भिंगाला डोळा लावला. "रेघा आहेत. सरळ. शेजारी शेजारी."

"हे लाकूड आहे. दगड झालेलं लाकूड. खनिजांनी भरलेलं पाणी झिरपत गेलं आणि लाकडाची जागा कणाकणानं दगडानं घेतली. रेघा तशाच राहिल्या. तुमच्याकडे आमचं डोकं नाही."

कुणीच बोललं नाही. अण्णांचा चेहरा मला वाचता येईना. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं हे खरं, पण छप्पन वर्षं ज्याच्या जोरावर ते पाहुण्यांपुढे उभे राहिले, तेही त्याच्याबरोबर उतरलं होतं. मला वाटलं, खोटं का होईना, या माणसानं 'हाड आहे' म्हणायला हवं होतं. आणि लगेच कळलं, अण्णांनी असल्या उत्तराला शून्य मार्क दिले असते.

"तरी ठेवून घ्या," अण्णा म्हणाले.

प्राध्यापकांनी दगड त्यांच्या हातात दिला. "अशी लाकडं आमच्याकडे पुष्कळ आहेत. हे तुम्हीच सांभाळा. फक्त कुठून आणलं ते लिहून ठेवा. ज्या दगडाचं गाव कुणाला ठाऊक नाही, तो आमच्या उपयोगाचा नसतो." थोडं थांबून ते म्हणाले, "त्याच पुरातलं झाड असेल. कुणी सांगावं, यांनी याचा पालाही खाल्ला असेल."

बाहेर आल्यावर अण्णा झाडाखालच्या कट्ट्यावर बसले. धाकटा त्यांना बिलगून बसला. बऱ्याच वेळानं अण्णा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एमुका कादु. कर्रा." हाड नव्हे, लाकूड. मग माझ्याकडे वळले. "तुझ्या आईनं चाळीस वर्षं याला उंबरा ओलांडू दिला नाही गं. साधं लाकूड होतं."

त्या प्रवासात त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं ते एवढ्या एकाच वाक्याला.

हैदराबादला परतल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं दगड धुतला, पुसला आणि स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवला. मी काही म्हटलं नाही. पाहुणे आले की ते आता वेगळी गोष्ट सांगत. पूर्वीपेक्षा लांब, आणि शेवटच्या वाक्यात जरा अडखळत. पण सांगत. "आजोबांनीपण परत द्यायला नेलं होतं," हे धाकट्यानं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतंच.

२०२१ मध्ये अण्णा गेले. दिवस झाल्यावर देव्हारा आवरताना दगड उचलला, तर खाली वहीच्या कागदाची घडी होती. अण्णांचं ते शाळेतलं वळणदार अक्षर. आधी तेलुगूत दोन ओळी होत्या, त्यांच्या पोरांनी शिकवलेल्या लिपीत, आणि खाली मराठीत तेच :

"पोचमपल्ली, तालुका सिरोंचा. १९६१. दगड झालेलं लाकूड. न विचारता आणलेलं."

कागद आम्ही होता तिथेच ठेवला आहे. कैऱ्यांच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून मी तोच दगड ठेवते.