शॉकअपचं तेल

इंजिनचं तेल सगळेच बदलतात. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्येही तेल असतं, हे मात्र कित्येकांच्या गावीही नसतं. आमच्या घरी ते दरवर्षी गणपतीआधी बदललं जाई, कारण आमचा गणपती पेणहून रोह्याला गाडीवरून यायचा. वडील चालवायचे, मी मागे मूर्ती मांडीवर घेऊन. शाडूची मूर्ती नुसती वाळवलेली, भाजलेली नव्हे. एक आदळा बसला की बोट गेलंच. आणि वडखळ-नागोठण्याचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो, ते काय सांगायचं!

जुनं तेल डबड्यात काढलं की राखाडी, पाण्यासारखं पातळ. असं झालं की ब्रेक दाबताच गाडी नाक खाली घालते आणि खड्ड्यानंतर दोनदा उसळते. मेकॅनिक म्हणायचा, "काका, जाड भरूया, एकदम कडक होईल."

"कडक नको रे. मांडीवर देव असतो."

वडिलांचं बरोबरच होतं. आत तेल बारीक भोकांतून जातं. फार जाड असलं तर खड्ड्यात वेळेवर सरकत नाही, हिसका सरळ हातात येतो. म्हणून कंपनीने सांगितलेलं १० नंबरचंच, दोन्ही नळ्यांत अगदी सारखं. मापाला माझी लहानपणीची दुधाची बाटली, खुणांची. आई त्यावरून दरवर्षी बोलायची.

एका वर्षी नागोठण्याच्या पुढे गाय आडवी आली. वडिलांनी ब्रेक दाबला. गाडी बसली, उठली, थांबली. मी कापडाखालून आधी सोंड चाचपली, मग उंदीर.