मनोरीचे वंगण

मनोरीला रेल्वे नाही. मालाडला उतरावे, बसने मार्वे गाठावे आणि तरीत बसून खाडी ओलांडावी, की आलीच मनोरी. लोकलच्या खडखडाटाला विटलेल्या माणसाला एवढासा जलप्रवासही औषधासारखा लागू पडतो. अशा गावी जाऊन रुळांची आठवण यावी, हे माझ्याच नशिबी होते!

नारळी, रस्त्याकडेचे क्रूस, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील असे सारे पाहत मी किनाऱ्यावर आलो, तो चार-पाच कोळी एक होडी वर ओढीत होते. होडीखाली लाकडी फळ्या अंथरल्या होत्या नि फळ्यांवर इंजिनाचे वापरलेले काळे तेल. मला उत्साह आला. तेलाचा डबा उचलून मी सढळ हाताने ओतू लागलो. तोच एक म्हातारबुवा ओरडले, "मास्तर, तेल फळीला! पायाखाली नाय. पाय सरकला तर होडी कोन ओढील?"

मी शिकवतो मराठी. पण म्हातारबुवांचे हे वाक्य मला नवे नव्हते.

माझे वडील बोरघाटात गँगमन होते. तो घाटमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा चढ कोठे कोठे सदतीस फुटांना एक फूट इतका, आणि वळणे तर पावलोपावली. वळणावर गाडी बाहेरच्या रुळाला रेटते. चाकाचा काठ रुळाच्या आतल्या कडेला घासतो, किंचाळतो नि दोघेही झिजतात. म्हणून त्या कडेला ग्रॅफाइटचे काळे वंगण लावायचे. पण माथ्यावर त्याचा थेंबही जाता कामा नये. माथा निसरडा झाला की चाक जागच्या जागी फिरते, गाडी चढत नाही. आणि उतारावर ब्रेक लावूनही ती थांबता थांबत नाही. पावसात चाके घसरू लागली, तर इंजिन स्वतःच चाकांपुढे वाळू सोडते. म्हणजे एकाच रुळाच्या कडेला घर्षण नको नि माथ्यावर हवे. दोहोंत अंतर ते किती? दोन बोटांचे!

आता हे मोजायचे यंत्र निघाले आहे. माणूस ते रुळावरून ढकलीत नेतो. त्यातल्या चिमुकल्या चाकाला हळूहळू ब्रेक लागत जातो आणि ते घसरले, की त्या क्षणाचा आकडा मिळतो. कोरड्या रुळावर तो ०.५ च्या आसपास असतो, नीट वंगण घातलेल्या कडेवर ०.२ च्याही खाली येतो. बाबांजवळ यंत्र कुठले? रुळालगत लोखंडाची चकचकीत भुकटी दिसली, की कड कोरडी पडली, हे ते ओळखीत. मग कडेवरून बोट फिरवून पाहत. ती काळी रेघ त्यांच्या नखांतून कधी गेलीच नाही.

मी एम. ए. झालो. पदवीदानाला बाबा आले, ते धुवट सदरा घालून. माझे प्राध्यापक भेटले तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. ते माझ्यासाठी नेले होते, हे मला कळले होते. "बाबा, हात पुढे करा," एवढे चार शब्द मला म्हणता आले असते. मी म्हटले नाहीत. आज बाबा नाहीत.

होडी वर आली. म्हातारबुवांनी माझ्या हातांकडे पाहिले नि चिंधी पुढे केली. "पुसा मास्तर, शहरात जायचंय तुम्हाला."

मी नको म्हटले. परतताना तरीत गर्दी होती. कॉलेजातला एक विद्यार्थी भेटला, त्याने अदबीने हात पुढे केला आणि माझा हात पाहून तो जरा थबकला. मी हात मागे घेतला नाही.

"वंगण आहे," मी म्हणालो. "माझे वडील रेल्वेत होते."