लेखनिकांचा कल्लोळ

आमगावजवळच्या पदमपूरला भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते, वा. वि. मिराशी यांनी हे मत साधार मांडले. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत निंदकांना बाजूला सारून, आपला समानधर्मा कधीतरी भेटेलच, असा विश्वास या नाटककाराने व्यक्त केला आहे. समानधर्मा कोणत्या रूपात भेटेल, हे मात्र सांगता येत नाही. मला तो मुंबईच्या ‘स्क्राइब’ या बँडमध्ये भेटला. सुट्टीत गावी आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांची गाणी ऐकवली.

स्क्राइब म्हणजे लेखनिक. गंमत अशी, की या लेखनिकांचा एकही शब्द पहिल्या श्रवणात कळत नाही. अतिवेगवान ड्रम, जडशीळ गिटार आणि गळा फाटेल की काय असे वाटायला लावणारा विश्वेश कृष्णमूर्ती यांचा आवाज. झाडीपट्टीच्या नाटकात गायकाची पट्टी आणि शब्दफेक यांना रात्रभर दाद देणाऱ्या कानांना हा आघातच होता. तरीही पुन्हा ऐकावेसे वाटले, कारण त्या कल्लोळात शिस्त होती. सगळे एका क्षणी थांबत आणि एका क्षणी उसळत.

हार्डकोअर पंक ही 1980च्या सुमारास अमेरिकेत रुजलेली शैली. वॉशिंग्टनमधील ‘डिस्कॉर्ड’च्या तरुणांनी स्वतःच तबकड्या काढल्या, त्यांची वेष्टने हातांनी कापून चिकटवली. मराठीच्या विद्यार्थ्याला यात अनोळखी काही नाही. 1954च्या ‘शब्द’पासून आपल्याकडील अनियतकालिकांनी तेच केले: प्रस्थापित प्रकाशक नको, मग चक्रमुद्रण करू. हार्डकोअर आणि मेटल यांच्या सीमेवरचा ‘स्क्राइब’ही चित्रपटसंगीताच्या बाजारपेठेबाहेर वाढला.

पण त्याने चित्रपटाकडे पाठ फिरवली नाही, त्याची थट्टा केली. ‘मार्क ऑफ तेजा’ (2010) आणि ‘हेल मोगँबो’ (2014) ही अल्बमची नावे हिंदी चित्रपटांतील खलनायकांवरून आलेली. एका गाण्याच्या नावात तर पावभाजीवरचे प्रेम आहे. आयात केलेला संताप येथे विनोदाच्या वाटेने देशी झाला.

म्हणून हा विद्रोह आणि दलित कवितेचा विद्रोह एकच, असे मी म्हणणार नाही. एकामागे शतकांचा अपमान आहे, दुसऱ्यामागे महानगरी तारुण्याची घुसमट. साम्य आहे ते ऐकणाऱ्याच्या अडचणीत. ‘गोलपिठा’ (1972) आला तेव्हा विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत त्यातील अनेक शब्द आपल्याला अनोळखी असल्याचे मोकळेपणाने नोंदवले होते. कविता कळण्याआधी ती अंगावर आली होती.

आज तोच संग्रह परीक्षेत ‘वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाखाली मुद्द्यांत बसतो. यंदा तो शिकवण्यापूर्वी मी वर्गात ‘स्क्राइब’चे एक गाणे लावले. काही जण हसले, काहींनी कान झाकले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, पण हे एवढे चिडलेत कशावर?”

नामदेव ढसाळांविषयी हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर गाइडमध्ये तयार असते. त्या दिवशी गाइड बाजूला ठेवून आम्ही पहिली कविता मोठ्याने वाचली.