लाइन लागली का?

बाबा मशीनचं दुखणं स्क्रूड्रायव्हरने ऐकायचे. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पिंडलच्या बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली. आमच्या मिक्सरलाही त्यांनी एकदा असंच तपासलं होतं आणि आईला म्हणाले होते, ‘‘बुश गेलंय, आठवडाभर चालेल.’’ तो बरोबर आठ दिवसांनी बसला.

1999च्या पावसाळ्यात आमच्या इंद्रायणीनगरच्या घरात मोडेम आला. मी डिप्लोमाला होते. चपटा, काळा डबा आणि पुढे लाल दिव्यांची रांग. भिंतीतली टेलिफोनची वायर मोडेमला, मोडेमची फोनला, अशी जोडणी झाली. पहिल्या संध्याकाळी सगळे खुर्च्या घेऊन बसलो, तर पडद्यावर पाटी आली : डायल टोन नाही. फोन उचलावा तर टोन चांगला खणखणीत. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी वर्गातल्या एकाने सांगितलं की मोडेम परदेशी टोनला सरावलेला असतो, आपल्या एक्स्चेंजची गुरगुर त्याला टोन वाटतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन ‘टोनची वाट बघ’ ही खूण काढायची, म्हणजे तो न ऐकता नंबर फिरवतो. खूण काढली. नंबर होता 172222.

आणि मग तो आवाज! ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. आकड्यांची टुकटुक, एक घंटी, पलीकडून लांब सरळ शिट्टी, मग दोघांची किरकिर, डिंगडाँग आणि शेवटी स्टोव्हला पंप मारल्यासारखं फस्सऽऽ. मग एकदम शांत. आई कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली. बाबा मात्र पुढे सरकले. ‘‘भांडत नाहीयेत,’’ ते म्हणाले, ‘‘ट्रायल घेतायत.’’

अगदी तेच चाललेलं असतं, हे मी पुढे अभ्यासात वाचलं. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यापुरती. तिच्यातून संगणकाचे आकडे न्यायचे तर त्यांचे आवाज करावे लागतात आणि पलीकडे आवाजांचे पुन्हा आकडे. ती पहिली शिट्टी 2100 हर्ट्‌झची. लाइनवर प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा असेल तर तिला ती गप्प बसवते. नंतरच्या गोंगाटात दोन्ही मोडेम तार किती घाण आहे, किती वेग झेपेल, ते मोजून घेतात. खोक्यावर 56 के छापलेलं असे, पण आमच्याकडे 31,200च्या वर काटा क्वचित गेला. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या डब्यात पाणी शिरलं की 26,400, नाहीतर त्याहून खाली. आठवड्याभरात बाबा आतल्या खोलीत पेपर वाचता वाचता सांगू लागले, ‘‘फस्स दोनदा आलं. आज हळू लागणार.’’ मी पडद्यावरचा आकडा बघायचे. चूक अशी फारशी झाली नाही.

दुसरं टोक कुठे आहे, याची मात्र त्यांना उत्सुकता. 172222 म्हणजे विदेश संचार निगम. या कंपनीने 15 ऑगस्ट 1995ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा त्याला हजारो रुपये पडत. विद्यार्थ्यांना 500 रुपयांत नुसत्या अक्षरांचं, चित्राविना. फोनचं बिल वेगळं. आम्ही आलो तोवर खाजगी कंपन्या उतरल्या होत्या आणि दर आवाक्यात आले होते. बाबांना त्या नावाचं कौतुक वेगळ्याच कारणाने : या विदेश संचारची भलीमोठी जागा आमच्या शेजारी दिघीत. तसा हा परिसरच दूरच्या संदेशांचा. 1927मध्ये इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू झाली तेव्हा इथून संदेश निघायचे ते खडकीहून, आणि तिकडचे उतरायचे दौंडला. आणि आमच्या घरावरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याने चाकण, मंचर, नारायणगाव असं गेलं की आर्वी. तिथलं विक्रम उपग्रह केंद्र 1971पासूनचं. मावशी नारायणगावला, त्यामुळे हे सगळं आम्हाला घरचंच. (तिच्याकडे जाताना एसटीत कुणी ना कुणी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला आर्वीची छत्री म्हणायचंच. बाबा हटकून दुरुस्ती करायचे.)

मावशीचा आणि मोडेमचा मात्र उभा दावा. मी बसले की फोन एंगेज. ती तासभर लावत राहायची आणि मग रविवारी आईला ऐकवायची, ‘‘मोठी माणसं झालात गं.’’ कधी आई विसरून आतला फोन उचलायची. तिच्या कानात तो खरखराट जायचा, ती दचकून म्हणायची, ‘‘अगोबाई, बसलीयेस का तू!’’ आणि तेवढ्यात मोडेमवरचा सीडीचा, म्हणजे लाइन लागल्याचा, लाल दिवा विझलेला असायचा. एका मराठी दैनिकाचा फाँट उतरवायला मला तीन रात्री लागल्या, दोन आईमुळे, एक पावसामुळे. त्याआधी बातम्यांच्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे उकिरडे दिसायचे.

2005नंतर ब्रॉडबँड आलं आणि आवाज संपला. बाबांनी पहिल्या दिवशी थोडा वेळ वाट बघितली. ‘‘लाइन लागली का?’’ लागलेलीच आहे, आता ती लागलेलीच असते, असं मी सांगितलं. ‘‘मग कळणार कसं?’’ याचं उत्तर मी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवून दिलं. त्यांना ते पटलं नव्हतं. विदेश संचार त्याआधीच, 2002मध्ये, टाटांकडे गेली होती.

आता मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. आमच्या स्पिंडलना कंपनाचे सेन्सर बसवलेत. त्यांचा आलेख माझ्या मोबाइलवर येतो आणि बेअरिंग खराब व्हायच्या आधी सांगतो. चांगली गोष्ट आहे, मी तक्रार करत नाही. मीच तो प्रस्ताव मांडला होता. बाबा निवृत्त झालेत. उजवा कान बराच गेलाय, आयुष्यभराच्या प्रेसच्या धाडधाडीने.

गेल्या महिन्यात एका मिलिंग मशीनवर आलेख सरळ होता, पण मला काहीतरी वाजतंय असं वाटत होतं. जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन लावला. ‘‘कसं वाजतंय?’’ सांगता येईना. ‘‘फोन मशीनजवळ धर,’’ ते म्हणाले, ‘‘मी डाव्या कानाला घेतो.’’ मी मोबाइल स्पिंडलपासून वीतभर धरला. आजचे फोन हुशार असतात. माणसाचा आवाज तेवढा ठेवतात, बाकी सगळा गोंगाट समजून गाळून टाकतात. हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. मिनिटभर मी तशीच उभी होते, मशीन कानठळ्या बसवत होतं.

फोन कानाला लावला तर बाबा विचारत होते, ‘‘अगं, मशीन बंद केलंस का?’’