तिसऱ्या ओळीतला अनुभव



नोकरी, शेती, दुकान आणि संसार यांतून वेळ काढून तुम्ही ही पुस्तिका वाचत आहात. मोठी खरेदी करण्यापूर्वी चार माणसांना विचारावे, हे तुम्हाला मी शिकवायला नको. बैल घेताना, जमीन घेताना, मुलीसाठी स्थळ पाहताना आपले वाडवडील हेच करीत आले. मी मात्र तीस वर्षे भाषाविज्ञान शिकवूनही या विचारण्यातच एक चूक केली. सात आसनांच्या गाडीच्या निमित्ताने ती माझ्या ध्यानात आली. ती हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

आम्ही तळेगाव दाभाडे येथे राहतो. मूळ घर पवन मावळात आहे. कामशेतहून डोंगर ओलांडून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने तिथे पोहोचता येते. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून, मुलगी, नातू आणि एकोणऐंशी वर्षांची आई, अशी सात माणसे. सणावाराला मेहुण्यांची मोठी गाडी मागून आणायची आणि सर्वांनी गावी जायचे, असा आमचा शिरस्ता होता. परंतु दोन वर्षांपासून आईने येणे सोडले. ‘गुडघे दुखतात रे, तुम्ही जाऊन या,’ एवढेच ती म्हणायची. जिच्यामुळे ते घर घर होते, तीच मागे राहू लागली. आपली स्वतःची चांगली गाडी असली, तर आई पुन्हा येईल, असे मला वाटले आणि मी शोध सुरू केला.

तीन ओळींची गाडी आपल्याकडे नवी नाही. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातील आरंभीची अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले गेले. तिच्या मागच्या भागात समोरासमोर बसण्याची बाके असत, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुढे २००० मध्ये क्वालिस आणि बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २००५ मध्ये इनोव्हा अशी रांग लागली. २०२१ मध्ये नव्या रूपातील सफारी आणि एक्सयूव्ही ७०० बाजारात आल्या. यांतील शेवटची गाडी आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या चाकणला तयार होऊ लागली. पर्याय भरपूर होते. प्रश्न होता तो निवडीचा. माहितीपत्रकात लांबी, रुंदी, इंजिनाची शक्ती सारे काही असते. मात्र वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्याच्या परिसरात, आषाढातल्या धुक्यात, सात माणसे बसलेली गाडी कशी चालते, हे त्यात नसते. ते मालकच सांगू शकतो.

म्हणून मी एक वही केली आणि अकरा मालकांना भेटलो. त्यांत कामशेतचे भातगिरणीवाले होते, वडगावचे एक शिक्षक होते, लोणावळ्याचे चिक्कीचे दुकानदार होते, सोमाटण्याचे एक निवृत्त लिपिक होते. त्यांची वाक्ये मी जशीच्या तशी लिहून घेतली. व्यवसायाची सवय, दुसरे काय?

घरी येऊन वही वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली. या वाक्यांचे व्याकरणच त्यांची किंमत सांगत होते. ‘ही गाडी लिटरला पंधरा देते’ हे एक वाक्य आणि ‘गेल्या महिन्यात टाकी काठोकाठ भरून निघालो, पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा काठोकाठ भरली, तेव्हा बेचाळीस लिटर डिझेल बसले’ हे दुसरे. पहिल्यात वर्तमानकाळ आहे; ते कोणत्याही एका दिवसाला बांधलेले नाही. दुसऱ्यात भूतकाळ आहे, घडलेली घटना आहे, आणि भागाकार केला, तर उत्तर बाराच्याही आत येते. पुण्यातील एआरएआय ही संस्था ठरावीक पद्धतीने, रोलरवर गाडी चालवून मायलेज मोजते. गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी तो आकडा उपयोगी असतो. पण त्या रोलरला घाट नसतो आणि गाडीत सात माणसेही नसतात.

तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांत ‘म्हणे’ हा छोटा शब्द होता. ‘उतारावर ब्रेक तापतात म्हणे.’ मराठीत हा शब्द फार प्रामाणिक आहे. ‘हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे,’ अशी कबुलीच बोलणारा त्यातून देतो. त्याच विषयावर भातगिरणीवाले म्हणाले, ‘खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला. तेव्हापासून उतरताना मी खालचा गिअर टाकतो, इंजिनच गाडी धरून ठेवतं.’ इथे ‘म्हणे’ नाही. नाकाने घेतलेला वास आहे आणि त्यावरून बदललेली सवय आहे. मी वहीत ‘पाहिलेले’, ‘ऐकलेले’ आणि ‘अंदाजाचे’ असे तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यातील वाक्ये फार थोडी निघाली. शिक्षकांनी ‘डिकी मोठी आहे’ असे सांगितले होते. पुन्हा विचारल्यावर कळले, की ती शेवटची ओळ दुमडल्यावर मोठी होते. सातही जण बसले, की तिथे दोन पिशव्या मावतात. गावाहून इंद्रायणी तांदळाचे पोते आणायचे, तर टपावर कॅरिअर बसवावे लागते.

एवढी चाळणी लावल्यावर माझे काम संपले, असे मला वाटले. तेव्हा बारावा माणूस भेटला. लोणावळा स्थानकाबाहेर पर्यटकांना स्वतःच्या गाडीतून कार्ल्याला, भुशी धरणाला, टायगर पॉइंटला नेणारा चालक. माझे सगळे प्रश्न त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘सर, तुमच्यात मागं कोण बसणार?’

मी गप्प झालो. तो म्हणाला, ‘मी गाडी चालवतो, मला काय कळणार मागचं? पण उतरल्यावर मी गिऱ्हाइकांची तोंडं बघतो. पुढचे हसत उतरतात. मागचे आधी पाणी मागतात.’

त्या रात्री वही पुन्हा उघडली. अकराही जण स्वतः गाडी चालवणारे पुरुष होते. त्यांची वाक्ये होती: ‘मी घाटात नेली’, ‘मी शंभरच्या पुढे पळवली’, ‘मी दापोलीला नेऊन आणली’. प्रत्येक वाक्यात ‘मी’ हा करणारा होता. परंतु मराठीत अनुभव सांगण्याची रीत वेगळी आहे. भूक ‘मला’ लागते, थंडी ‘मुलाला’ वाजते, जुने दिवस ‘आईला’ आठवतात. जो काही करत नाही, ज्याच्यावर ते येऊन आदळते, त्याच्या नावापुढे आपण ‘ला’ लावतो. पारंपरिक व्याकरण त्याला चतुर्थी म्हणते. ‘बायकोला मळमळले’, ‘वडिलांना उतरता आले नाही’ अशी वाक्ये माझ्या वहीत शोधूनही सापडली नाहीत. ‘मालकांचे अनुभव’ म्हणून मी जे गोळा केले होते, ते बहुतांशी कर्तृत्व होते. अनुभव मागच्या ओळीत बसला होता आणि त्याला कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

सकाळी मी आईजवळ बसलो. ‘आई, मामांच्या गाडीत तू कुठे बसायचीस?’ माझी मुले मेहुण्यांना मामा म्हणतात, म्हणून घरात सगळेच मामा म्हणतात. ती म्हणाली, ‘मागं. पोरांना मधे लागतं, मोठ्यांना पुढं. मी एकटी, कुठंही मावते.’

‘त्रास व्हायचा?’

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘गुडघे छातीला लागायचे. ते चालतं रे. पण मागून रस्ता दिसत नाही. आपलं गाव कधी आलं, ते मला तुम्ही सांगितल्यावर कळायचं.’

मित्र-मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकायला मी अकरा गावांना फिरलो होतो, आणि ते माझ्याच घरात होते.

त्यानंतरचा शोध सोपा झाला. आम्ही तीन गाड्या चालवून पाहण्यासाठी मागवल्या. तिन्ही वेळा आईला सोबत नेले आणि कामशेतची चढण चढवली. त्याआधी प्रत्येक गाडीच्या तिसऱ्या ओळीत मी स्वतः बसलो. तिथली फरशी उंच आणि आसन खोल असते. म्हणून गुडघे वर येतात. ते आसन मागच्या चाकांच्या जवळपास वर असते. म्हणून खड्डा तिथे अधिक जाणवतो. एका गाडीत मागे हवेचे झरोकेच नव्हते. दुसरीत मधले आसन दुमडून मागे शिरताना मलाच कसरत करावी लागली. तिसरीची पायरी बुटकी होती, दाराशी धरायला मूठ होती आणि मागची काच मोठी होती. तीच घेतली. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घरात मागे बसणारे माणूस वेगळे असेल आणि त्याचे वाक्यही वेगळे असेल.

भाताच्या लावणीच्या दिवसांत आम्ही गावी गेलो. मुलगा गाडी चालवत होता, सून त्याच्या शेजारी होती. मधल्या ओळीत खिडकीशी आई, मग नातू आणि पत्नी. मागे मुलगी आणि मी. माझे गुडघे वर आले होते आणि वळणावर जराशी मळमळही होत होती. खिंड ओलांडल्यावर पाऊस थांबला. खाली चिखलणी झालेली खाचरे दिसू लागली असावीत. कारण आई नातवाला एकेका वाडीचे नाव सांगू लागली. मागे मला नीटसे दिसत नव्हते. पण या वेळी आपले गाव आल्याचे तिने मला सांगितले.

अभ्यासात तुम्हाला पुढे मुलाखती घ्यायच्या आहेत, बोलीचे नमुने गोळा करायचे आहेत. तेव्हा निवेदक कोण आहे, हे लिहाल. पण कोणाला विचारायचे राहून गेले, हेही लिहा. आणि घरात मोठी खरेदी निघाली, तर जो सर्वांत कमी बोलतो, त्याच्यापासून सुरुवात करा.