यादीबाहेरचा सण

केंद्र सरकारच्या सुट्ट्यांची यादी दरवर्षी निघते आणि ती हाती पडताच आमच्या कचेरीत जी एकाग्रता दिसून येते ती दुसऱ्या कोणत्याही परिपत्रकाच्या नशिबी नसते. कोणता सण रविवारी पडून फुकट गेला, कोणता शुक्रवारी येऊन शनिवार-रविवारास जाऊन मिळाला, दोन वैकल्पिक सुट्ट्या कोणत्या घ्याव्या, यावर दोन दिवस खल चालतो. आम्हीही त्यात भाग घेतो. परंतु ज्या दिवसाची आम्ही वर्षभर वाट पाहतो तो त्या यादीत नाही व कधी असणारही नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. गावच्या दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाल्यावर घरात प्रथम मासळी येते, तो हा दिवस. पंचांगाने त्याला नाव दिलेले नाही. आठ नैमित्तिक रजांपैकी एक आम्ही त्याच्यासाठी राखून ठेवतो आणि अर्जात 'घरगुती कारणास्तव' असे लिहितो. याहून अधिक घरगुती कारण कोणते असणार!

ज्यांचे बालपण देशावर गेले त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. आमचे घर मालवणच्या बाजूचे. श्रावण लागला की मासळी बंद, ती गणपती पाण्यात जाईपर्यंत. या व्रतात भक्ती किती आणि व्यवहार किती हे सांगणे कठीण आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मासा वाढीला लागलेला असतो. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. पूर्वी नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्यावाचून होडी लोटीत नसत. सरकार जे आदेशाने करते ते आमच्या पूर्वजांनी उपवासाने साधले होते, एवढाच काय तो फरक.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र सकाळपासूनच घराचा नूर पालटे. वार आड आला, म्हणजे सोमवार किंवा गुरुवार निघाला, तर आणखी एक दिवस कळ काढावी लागे. मासेविकणारीच्या टोपलीपुढे बांगड्यांचे, तारल्यांचे, सुंगटांचे वाटे मांडलेले असत. आमच्याकडे मासळी तागडीने तोलून घेण्यापेक्षा वाट्याने घेण्याची रीत. तोच शब्द पुढे घरात येई. सुरमईची मधली तुकडी पाहुण्याला, डोके आजोबांना, शेपटीकडचा भाग आम्हां मुलांना, असे वाटे ठरलेले. शेजारच्या म्हातारीचा वाटा झाकून बाजूला निघे. आईचे पान सर्वांच्या शेवटी, चुलीपाशी पडे आणि तिच्या वाट्यास बहुधा तिखल्यातला रसच उरे. याबद्दल कोणी कधी बोलले नाही. तीही बोलली नाही.

२०२१ साली वडील निवर्तले. आमची बदली कलकत्त्यास झाली तेव्हा आईला आमच्याबरोबर आणावे लागले आणि गावचे घर पावसापुरते चुलतभावाच्या हाती सोपवावे लागले. गणपती मूळ घरचा एकच. तो तेथेच बसतो. आमच्या सरकारी निवासस्थानात फक्त दूरध्वनीवरून निरोप येतो, "पोचवलो." त्या निरोपावरून आमचा सण ठरतो. सणाचा दिवस असा मिळाला; परंतु मासा कोणता आणावा, हा प्रश्न होता.

कलकत्ता हे मासे खाणाऱ्यांचे शहर. तेथे मत्स्याहाऱ्याला कसली चिंता, असे पुण्याच्या एका स्नेह्याने आम्हांस लिहिले होते. त्यांना काय ठाऊक! गडियाहाटच्या बाजारात माशांचे ढीग पाहून डोळे निवतात खरे. पण ते रुई, कातला, पाबदा, कोई असे गोड्या पाण्याचे. ते भल्या मोठ्या बोटीवर, म्हणजे पायाखाली धरावयाच्या उभ्या विळीवर, पुरुष कापीत बसलेले असतात. बांगडा मागितला तर बर्फाखालचा एखादा मलूल नग पुढे येतो. पापलेट मिळते, ते तर २०२३ सालापासून आमचे राज्यमत्स्य झाले आहे, पण इतक्या दूर आल्यावर त्याचीही रया गेलेली असते. पहिल्या वर्षी आईने ते तळले आणि "बरा आसा" म्हणाली. 'बरा आसा' या शब्दांचा अर्थ मालवणी माणसास सांगावा लागत नाही.

बंगाली माणसाला त्या दिवसांत दुसरेच वेड असते, ते इलिशचे. हा मासा आम्हां बदलीच्या नोकरांस जवळचा वाटावा असा आहे. तो राहतो समुद्रात आणि अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात नद्यांतून वर चढतो. सिंधूत तो 'पल्ला' म्हणून ओळखला जातो, नर्मदेच्या मुखाशी भडोचकडेही सापडतो. गंगेत तर तो पूर्वी थेट प्रयागपर्यंत व त्याही पलीकडे जात असे. १९७५ साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि त्याची वरची वाट अडली. त्यामुळे आता जो बाजारात येतो तो बहुतेक डायमंड हार्बर, काकद्वीप अशा सागराजवळच्या ठिकाणांहून. लहान इलिश पकडू नये म्हणून पश्चिम बंगाल सरकारने २३ सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे; तरी 'खोका इलिश' या लाडक्या नावाने तो चोरून विकला जातोच.

२०२४ साली चतुर्थी शनिवारी होती. विसर्जन रविवारी, मध्ये सोमवार आडवा आला. मंगळवारी, १० सप्टेंबरला, आम्ही रजा टाकून एक इलिश घेऊन आलो. किंमत आईला सांगितली नाही. तिने तो परातीत घेतला, उलटा केला आणि पोटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. तेथे करवतीसारखे बारीक दाते असतात. ती एकदम हसली. "ह्यो तर तारल्येचो थोरलो भाव!" शास्त्रही तेच सांगते, तारली आणि इलिश दोघेही हेरिंगच्या गोतातले. आईने शास्त्र वाचलेले नाही. तिच्या अंगठ्याने वाचले होते. तारलीचे नाते जुळले म्हणजे पुढचे सारे जुळले. तेलकट माशाला तिरफळ हवेच. ते आणि सोलां गावाहून आणलेली होतीच.

कापण्यासाठी मात्र शेजारच्या माशीमांना बोलावले. त्या ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या पूर्व बंगालमधल्या. माशांची त्यांची पारख अशी की, त्यांच्या घरात आलेला प्रत्येक मासा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय विळीवर चढत नाही. आणि पती गेल्यापासून तीस वर्षे त्यांनी स्वतः माशाला तोंड लावलेले नाही. तिकडच्या कित्येक घरांत लक्ष्मीपूजेपासून सरस्वतीपूजेपर्यंत इलिश आणीत नाहीत, असे त्यांनी आईला सांगितले. "म्हणजे त्येंचो श्रावण," आई आम्हांस म्हणाली. दोघींपैकी एकीस मराठी येत नाही व दुसरीस बंगाली. तरी पाठीकडची ती 'गादा', पोटाकडची ती 'पेटी' आणि पेटीच खरी, हा धडा दहा मिनिटांत आटोपला.

पाने मांडली. येथे दोन खोल्यांचे घर, चूल नाही, तेव्हा शेवटची पंगत अशी नाहीच. सारे एकदमच बसणार. आईने सर्वांना वाढले आणि आपले पान उचलून ठेवले. "माका भूक नाय," म्हणाली. भूक नसण्याचे कारण समोर खुर्चीवर बसले होते. आमच्या समाजात विधवेला मासळी वर्ज्य नाही; पण ज्या बाईने तीस वर्षे ती सोडली आहे तिच्यादेखत, पती जाऊन तीनच वर्षे झालेल्या बाईने पेटीची तुकडी कशी खावी? आम्ही काही बोलणार, तोच पत्नीने डोळ्यांनी आम्हांस गप्प केले.

माशीमा उठल्या. त्यांनी आईचे पान परत मांडले, भांड्यातली सर्वांत चांगली पेटी हुडकून त्यात घातली, वर तिखल्याचा रस घातला आणि एवढेच म्हणाल्या, "तुमि खाओ." आई खाली मान घालून जेवली. काटे फार; वेळ लागला. माशीमा शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि आमच्या मुलीला काटे कसे काढावे ते दाखवीत होत्या. आम्हांला आठवते त्याप्रमाणे, त्या दिवशी मधला वाटा आईच्या पानात पडल्याचे आम्ही प्रथमच पाहिले.

जेवण झाल्यावर आईच्या लक्षात आले की, आलेल्या माणसाचा वाटा निघालाच नाही. तिने सोलकढीची वाटी भरून माशीमांपुढे ठेवली आणि हाताने खुणावले की, यात मासळी नाही. नारळ आणि सोलां, दुसरे काही नाही. त्या दोन वाट्या प्याल्या. २०२५ साली विसर्जनाचा निरोप आला त्याच संध्याकाळी माशीमांनी विचारले, "उद्या ना?" आणि सकाळी नारळ खवायला स्वतः आल्या. सोलकढीचे भांडे आता इलिशच्या भांड्याहून मोठे असते. तिखल्याचा एक वाटा झाकून त्यांच्या मुलाकडे जातो.

आमच्या कचेरीत पुन्हा बदल्यांची कुणकुण आहे. ठिकाण ठरलेले नाही. कोणी जबलपूर म्हणतो, कोणी गुवाहाटी. समुद्रापासून आणखी दूर, एवढे मात्र दिसते. आईला हे सांगितले तेव्हा ती सोलां उन्हात घालीत होती. तिने वर पाहिले नाही. म्हणाली, "पाणी खंय तरी गावतलाच. सोलां तेवडी वांगडा घे. आणि थंयसर शेजार कोण आसा, ता आधी बघ."