गोयडरची लाइन आणि आमचा माळ

ऑस्ट्रेलियात उतरायच्या आधी एक कार्ड भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं, गेल्या ३० दिवसांत तुम्ही शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होता का? कारभारीण म्हणाली, "३० दिवसांत शेताबाहेर कवा हुता, आसं इचारायचं की." आम्ही 'हो' लिहिलं. मग विमानतळावर आमचे बूट उलटे करून तळवे तपासले, पिशवीतल्या एकेका पुडीचं नाव सांगावं लागलं. मागं उभे असलेले लोक वैतागले होते, मला मात्र राग आला नाही. परदेशी गव्हाबरोबर आलेलं गाजरगवत आपण किती वर्षं उपटतोय!

लेक-जावई अ‍ॅडलेडला असतात. पितृपक्षात निघालो म्हणून भावकीनं नावं ठेवली, पण डाळिंबाचं मोठं काम त्या दिवसांत नव्हतं आणि धारा काढायला मेहुणा आला होता. लेकीकडं आठ दिवस राहिलो. नंतर आम्ही दोघंच जावयाची गाडी घेऊन उत्तरेला कूबर पेडीपर्यंत जाऊन आलो. जायचे साडेआठशे किलोमीटर, यायचे तेवढेच. त्या रस्त्याबद्दल लिहितोय, आणि आमच्या माळाबद्दल.

माळ तुम्हाला फोटोतून माहीत आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला पाच एकर, वडिलांनी कधी नांगर घातला नाही असा. सांगोल्याकडं गेली तीन वर्षं पाऊस बरा झाला. शेजारच्यांनी माळ फोडले, जेसीबीनं सपाट करून, तळ्यातली माती खड्ड्यांत भरून डाळिंब लावलं. बागा आज चांगल्या दिसतात, खोटं कशाला बोलू? थोरला पुण्याहून पैसे द्यायला तयार होता. माझंही मन झालेलं. कारभारणीचं नव्हतं. तिच्या चौदा शेळ्या त्या माळावर चरतात, आणि तीन वर्षांच्या पावसावर पाच एकर फोडायचं तिला पटत नव्हतं. आम्ही परतल्यावर आठच दिवसांनी जेसीबी यायचा होता. हे भांडण आम्ही विमानातून घेऊन गेलो होतो म्हणा ना.

गाडी चालवायची भीती वाटत होती, पण तिथं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालतात. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून नेला होता. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळं पहिला दिवसभर डावा पाय नसलेला क्लच शोधत होता. जावयानं तीन गोष्टी बजावल्या: पाणी भरपूर ठेवा, प्रत्येक पंपावर टाकी भरा, दिवस मावळला की गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात. लेकीनं बाजरीच्या भाकरी कडक करून दिल्या होत्या. शेंगाची चटणी आम्हीच नेलेली.

क्लेअर, जेम्सटाउन, ओरोरू असे गेलो. सप्टेंबर संपत आला होता, म्हणजे त्यांचा वसंत. गहू निसवलेला, नजर जाईल तिथवर. त्यांचा पाऊस हिवाळ्यात पडतो. एप्रिल ते जूनमध्ये पेरायचं, नोव्हेंबर-डिसेंबरात काढायचं. नांगरट जवळजवळ नाही. गेल्या वर्षीचं काड तसंच उभं ठेवून त्यातच पेरतात, ओल उडू नये म्हणून. मी चार ठिकाणी उतरून बुडखे चाचपले. कारभारीण गाडीत बसून हसत होती.

मग रस्त्याच्या कडेला एक पाटी लागली. गोयडर्स लाइन.

जॉर्ज गोयडर हा साउथ ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर जनरल. आपल्या भाषेत मोजणी खात्याचा सगळ्यात मोठा साहेब. १८६५ मध्ये मोठा दुष्काळ चालू होता, मेंढपाळ सरकारकडं खंड माफ करा म्हणत होते. दुष्काळ नेमका कुठपर्यंत आहे ते बघून ये, म्हणून सरकारनं याला पाठवलं. हा घोड्यावरनं फिरला आणि नकाशावर एक रेष ओढली. रेषेच्या दक्षिणेला पाऊस भरवशाचा, उत्तरेला नाही. त्या मुलखात जुन्या पावसाच्या नोंदी जवळपास नव्हत्या. मग रेष कशावरून ओढली? झाडांवरून. मॅली नावाचं बुटकं निलगिरीचं झाड जिथं संपतं आणि सॉल्टबुश, ब्लूबुश ही राखाडी खारट झुडपं सुरू होतात, तिथं त्यानं घोडा थांबवला. पुढं पाऊस मोजायला लागल्यावर ती रेष वर्षाला साधारण ३०० मिलीमीटर पावसाच्या रेषेच्या आसपास निघाली.

इथं आपल्या कृषी अधिकारी मित्रांसाठी एक गोष्ट. ३०० हा आकडा बघून आपल्या ५०० शी तुलना करू नका. त्यांचा पाऊस थंडीत पडतो, ओल उडत नाही, म्हणून तेवढ्यावर गहू येतो. आपल्याकडं दोन पावसांत पंचवीस दिवसांचा खंड आणि वर ऊन. आपले ५०० त्यांच्या ३०० पेक्षा मोठे आहेतच असं नाही.

आता पुढचं ऐका. १८७० नंतर काही वर्षं पाऊस चांगला झाला. लोक म्हणाले, गोयडर येडा आहे. "नांगराच्या मागं पाऊस येतो" असा समज तेव्हा जोरात होता. रान नांगरलं की हवा बदलते म्हणे. सरकारनं आधी रेषेच्या दक्षिणेलाच हप्त्यानं जमीन द्यायचा कायदा केलेला, तो १८७४ मध्ये दबावाखाली बदलला. शेतकरी रेष ओलांडून वर गेले. गावं आखली, दगडी घरं बांधली. एका गावाचं नाव तर फरीना ठेवलं, लॅटिनमध्ये पीठ. एवढा गहू पिकेल की पीठच पीठ. १८८० नंतर पाऊस मागं गेला आणि माणसंही मागं आली. फरीनाचे आता पडके दगड उरलेत. तिथवर आम्ही गेलो नाही, पण क्वॉर्नला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी हॉकरच्या रस्त्यानं गेलो, तिथंही दोन्ही बाजूंना तेच. विलोक्राच्या सपाट रानात बिनछपराची घरं, नुसती धुराडी उभी. कन्याका म्हणून एका जुन्या मेंढ्यांच्या वाड्याचे मोठे अवशेष आहेत, ते बघायला लोक थांबतात. आम्ही थांबलो ते एका साध्या, दोन खोल्यांच्या घरापाशी. चूल होती तिथं दगड अजून काळे. कारभारणीनं त्या काळ्या दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, "हितं कुणीतरी सैपाक केलाय वो."

मला एकदम बहात्तरचा दुष्काळ आठवला. आठवला म्हणजे ऐकलेला, मी तेव्हा दुपट्यातला. आई मला कडेला निजवून खडी फोडायची. आमची माणसं पुन्हा घरी आली, कारण धरून राहायला खालची काळी पट्टी होती. इथल्या माणसांना खाली काहीच नव्हतं.

तिथं एक म्हातारा त्याची उघडी गाडी थांबवून आला. मागं दोन कुत्री. पत्ता चुकलाय का, बघायला थांबला होता. माझं इंग्रजी दहावीपुरतं, पण शेतकऱ्याला शेतकऱ्याशी बोलायला किती लागतं? मेंढ्या पाळतो म्हणाला. मी विचारलं, पाऊस आला नाही तर? त्यानं बोटं मोजून सांगितलं, अमुक तारखेपर्यंत पाऊस नाही पडला की इतक्या मेंढ्या विकायच्या. त्यापुढच्या तारखेपर्यंत नाही पडला की अजून इतक्या. तारखा आधीच ठरलेल्या, भिंतीवर लिहिलेल्या. त्या दिवशी वाट बघायची नाही, आभाळाकडं बघायचं नाही. मेंढरं धष्टपुष्ट असताना भाव मिळतो, हाडं दिसायला लागल्यावर कोण घेतंय? मी हे कारभारणीला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मग मी बोकडं आखाडात इकते तवा घरात तोंडं का वाकडी हुत्यात?" म्हाताऱ्यानं काय म्हणाली विचारलं, मी आपलं 'व्हेरी गुड म्हणतेय' सांगितलं.

पोर्ट ऑगस्टाला रखरखीत मुलखातल्या झाडांची सरकारी बाग आहे, जमलं तर जरूर बघा. सॉल्टबुश हातात घेऊन चावून बघितलं, खारट. मेंढ्या आवडीनं खातात, पण मग पाणी जास्त पितात. याच पोर्ट ऑगस्टाला १८६६ मध्ये कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांना हाकणारी माणसं उतरली होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. या वाळवंटात पुढं तार आली, रेल्वे आली, त्याचं सामान वाहिलं ते उंटांनी.

तिथून पुढं स्टुअर्ट हायवे. कूबर पेडी ५४० किलोमीटर. लाल माती, राखाडी झुडपं, आणि सरळ रस्ता. हार्ट नावाचं मिठाचं तळं पांढरंफेक दिसतं. समोरून रोड ट्रेन येते, म्हणजे एका ट्रॅक्टरमागं तीन डबे जोडलेला ट्रक, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब. आपला उसाचा डबल ट्रेलर त्यापुढं खेळणं. ती गेली की आपली गाडी हलते. समोरून साधी गाडी आली तर ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो त्यांचा रामराम. दहा गाड्यांनंतर मीही उचलायला लागलो. ग्लेंडॅम्बोला टाकी भरली. तिथं पाटी आहे: मेंढ्या २२,५००, माशा २० लाख, माणसं ३०. माशांचा आकडा कमी असावा.

ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी अडीचशे किलोमीटर मध्ये पंप नाही, आणि बहुतेक वाटेत फोनला रेंज नाही. घरी भांडण झालं की मी मोटर बघायला जातो, ती गोठ्यात जाते. इथं जाणार कुठं? माळावरनं सगळं बोलणं त्या अडीचशे किलोमीटरमध्ये झालं. मी पैशाचं मांडलं, पोराच्या उमेदीचं मांडलं. शेजाऱ्यांच्या बागा मांडल्या. ती म्हणाली, "बागा मलाबी दिसत्यात. बोअरला किती फुटावर पाणी लागलं ते त्यास्नी इचारलं का?" विचारलं होतं मी. तिला सांगितलं नव्हतं इतकंच. सांगितला आकडा. मग साठ-सत्तर किलोमीटर कुणीच बोललं नाही. नंतर तीच म्हणाली, "समदा माळ वाईट न्हाई. खालच्या अंगाला पवन्या वाढतो, तिथं माती हाय. वर नुसती कुसळं. तिथं पहार बी जात न्हाई."

मी गाडीचा वेग कमी केला. पाच एकराचा सात-बारा एक, म्हणून मी माळ एकच धरून चाललो होतो. तिनं तो पंचवीस वर्षं शेळ्यांमागं चालून बघितला होता, गवताप्रमाणं.

कूबर पेडीबद्दल थोडक्यात सांगतो. १९१५ मध्ये तिथं ओपल सापडला, खडा. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो म्हणून निम्मं गाव डोंगरात कोरलेल्या घरांत राहतं, आत वर्षभर पंचवीसच्या आतबाहेर. आम्ही तशाच खोलीत झोपलो. खिडकी नाही, आवाज नाही. कारभारणीला रात्रभर झोप नाही. प्यायचं पाणी बोअरचं खारं पाणी गोडं करून देतात आणि ते महाग आहे. दुसऱ्या दिवशी तिथल्या गाडीनं फिरायला गेलो, तेव्हा कुत्र्यांचं कुंपण बघितलं. डिंगो नावाची रानकुत्री मेंढ्यांकडं येऊ नयेत म्हणून ५,६०० किलोमीटर लांब जाळी! अलीकडं मेंढ्या, पलीकडं गाई. आमच्याकडं धनगर लांडग्यासाठी रात्री वाघर लावतो आणि सकाळी गुंडाळून पाठीवर घेतो, ते सांगायला ड्रायव्हरला माझं इंग्रजी पुरलं नाही.

पलीकडं गाईंची अ‍ॅना क्रीक म्हणून एक स्टेशन आहे, म्हणजे चराऊ रान. एकाच मालकाची जागा आख्ख्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा मोठी. ऐकून हेवा वाटतो. पण तिथं पाऊस दीडशे मिलीमीटरच्या आसपास. एका गाईला किती रान लागत असेल त्याचा हिशोब करा. आणि या सगळ्या रानात युरोपियन यायच्या आधी हजारो वर्षं इथली मूळ माणसं राहत होती, एक काकरी न नांगरता. कुठल्या झऱ्याला कधी पाणी असतं, हे माहीत असणं हीच त्यांची शेती.

परतीला वेगळं काही घडलं नाही. एकदा टायर पंक्चर, अर्ध्या तासात तीन गाड्या विचारायला थांबल्या.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी थोरल्याला बोलावून घेतलं. तिघं माळावर गेलो. कारभारीण पुढं, तिच्यामागं पोरगा पहार घेऊन, मी चुन्याची पाटी घेऊन. पवन्या संपून कुसळी सुरू होते तिथं ती थांबायची, पोरगा पहार मारायचा. खाली पहार दोन-अडीच फूट जात होती, वर वीतभरात खण्ण. तिथं मी चुना टाकायचो. रेष नागमोडी निघाली. खाली पावणेदोन एकर, वर सव्वातीन. पोरगं आधी नाराज होतं, पण पहार त्याच्याच हातात होती.

जेसीबी ठरल्या दिवशी आला. दोन दिवसांचं काम सांगितलं होतं, सहा तासांत झालं. ड्रायव्हर चुन्याच्या रेषेपाशी थांबून वर बघत होता, "काका, हे राहिलंय की." कारभारणीनं त्याला चहा दिला आणि शेळ्या सोडल्या.